झाड बेतताना

मास्तरांनी शिवलेला शर्ट घालून कुणी रस्त्यानं निघालं, की लोकांना शर्ट आधी दिसायचा आणि माणूस मागाहून. कॉलरमध्ये आणखी एक मान मावेल, बाह्यांत शेजाऱ्याचेही हात जातील, आणि पँटचा घेर असा की वारा सुटला तर घालणाऱ्यानं खांब धरून उभं राहावं. गिऱ्हाइकं कुरकुरत. मास्तर गळ्यातला टेप सारखा करत शांतपणे सांगत, "आज सैल वाटतंय हो. पण माणूस वाढतो." समोरचा माणूस काठी टेकत आलेला असला तरी उत्तर हेच. त्यामुळे त्या रस्त्यावर त्यांना सगळे वाढीवमास्तर म्हणत. तरीही दुकान चाललं होतं, कारण त्यांची शिवण जन्मात उसवत नसे. त्यांच्याकडचा कोट आधी बाप वापरी, मग मुलगा, आणि शेवटी त्याच कोटाची उशीला खोळ होई.

हे खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं होतं त्यांच्या दादानं. आईवडील गेले तेव्हा दादाला नुकतं मिसरूड फुटलं होतं आणि मास्तरांना स्वतःचं नाक पुसायची अक्कल नव्हती. दादा दीपगृहावर नोकरीला लागला, सुट्टीत येताना धाकट्यासाठी कपडे आणू लागला, आणि आणायचा ते पुढच्या दोन-तीन वर्षांचे. मास्तरांचं अख्खं लहानपण बाह्या दुमडण्यात गेलं. दुसरा एखादा चिडला असता. मास्तरांना मात्र त्या ढगळ सदऱ्यात शिरलं की फार बरं वाटायचं. आपण मोठे होणार याची जगात एका तरी माणसाला खात्री आहे, असं वाटायचं. पुढं शिंपी झाल्यावर हीच खात्री त्यांनी गिऱ्हाइकांना वाटली, कुणी मागितली नसताना.

आता अशा माणसाच्या हवाली कुणी बोन्साय करतं का? दादानं केलं.

अंजिराच्या कुळातलं झाड होतं ते, वडा-उंबराचं भावंड. मोकळं सोडलं असतं तर घरावर सावली धरली असती. पण दादानं दीपगृहाच्या एकांतात त्याला कापून, तारांनी वळवून, चपट्या ट्रेमध्ये हातभर उंचीवर धरून ठेवलं होतं. पुढं त्याची बदली भर समुद्रातल्या एका खडकावर झाली. तिथल्या खाऱ्या वाऱ्यानं पानं करपू लागली, म्हणून त्यानं झाड आणून मास्तरांच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलाशेजारी ठेवलं. "थोडे दिवस सांभाळ," तो म्हणाला. "पाणी घाल, आणि वाढू देऊ नकोस."

पाणी मास्तरांनी कधी चुकवलं नाही. दुसरी गोष्ट त्यांच्याच्यानं झाली नाही. कात्री घेऊन ते झाडासमोर उभे राहत, कोवळा शेंडा न्याहाळत, आणि कात्री खाली ठेवून कापडाकडे वळत. बिचारं वाढतंय, त्याला कापायचं कशाला? थोडे दिवस काही संपेनात. दादा या दीपगृहावरून त्या दीपगृहावर फिरत राहिला आणि झाड इस्त्रीच्या वाफेवर पोसत गेलं. आधी त्यावर टेप लटकू लागले, मग हँगर, मग ट्रायलचे कोट. पारंब्या सुटल्या. मुळं ट्रेच्या भोकांतून बाहेर पडली, टेबलाचा पाय धरून शेजारच्या शिलाई मशीनपर्यंत गेली आणि मशीनच्या खणात शिरून स्वस्थ बसली. मास्तरांच्या बायकोला बॉबिन हवी असली, की ती मुळांच्या मुठीतून सोडवून घ्यावी लागे. "आता मशीनलाच काय ती पानं फुटायची राहिलीत," ती म्हणायची. दादा फोनवर विचारायचा, "झाड?" मास्तर म्हणायचे, "मजेत आहे." आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग दादा नोकरीतून निवृत्त झाला आणि त्याचा फोन आला.

"रविवारी येतोय. झाड बघायला."

"बघायला कशाला? राहायलाच ये की."

"त्याचंच सांगतोय. मी एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय. पण आपण असं करू. झाड नीट असलं तर तुझ्याकडे राहीन. नसलं तर आश्रमात जाईन. ज्याला झाड सांभाळता आलं नाही, त्याच्या गळ्यात म्हातारा कशाला बांधायचा?"

"अरे पण दादा..."

फोन ठेवला गेला होता. दादा एकदा बोलला की बोलला, पुढं वकील लावूनही उपयोग नसे.

मास्तरांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. दादानं एकदाचं घरी यावं, सकाळी समोर बसून चहा प्यावा, एवढंच हवं होतं. मागच्या खोलीला त्यांनी त्याच्यासाठी पडदेसुद्धा शिवून ठेवले होते, जमिनीवर लोळणारे. आता सगळं त्या झाडावर येऊन ठेपलं. त्यांनी झाडाकडे पाहिलं. झाडावर कुणाच्या तरी तीन पँटी वाळत होत्या.

"अहो, असं तोंड पाडून काय बसलात?" बायको म्हणाली. "रविवार लांब आहे अजून. कापा."

"कापू? माप न घेता?"

दुकानाला आतून कडी लागली. पँटी उतरवल्या गेल्या. पण झाड आरशासमोर न्यायला उचललं, तेव्हा त्याच्याबरोबर शिलाई मशीनही निघालं. मग आधी खण सोडवणं आलं. बायकोनं खण धरला, मास्तरांनी झाड धरलं, आणि दोघांनी दोन दिशांना जोर लावला. मुळं काही सोडीनात. शेवटी एकेक मूळ कापावं लागलं. त्यांच्या गुंत्यातून बॉबिनी निघाल्या, बोटात घालायचं अंगुस्तान निघालं, काज करायची हरवलेली कात्री निघाली, आणि एका नवरदेवाच्या कोटाचं सोनेरी बटणही निघालं. त्या बटणापायी ते घराणं मास्तरांशी अजून बोलत नव्हतं.

झाड आरशासमोर उभं राहिलं तसे मास्तर त्याच्याभोवती फिरले आणि त्यांनी टेप काढला. मापं बायको कधी लिहून घेत नसे, तोंडपाठ ठेवी. मास्तरांनी खोडाची छाती सांगितली, कंबर सांगितली, उंची सांगितली. मग अडले.

"खांदा कुठून धरू?"

"बाही निघते तिथून."

"बाह्या पुष्कळ आहेत गं."

"मग पुष्कळदा धरा."

खांदे धरता धरता त्यांच्या बोटांना काहीतरी टोचलं. सालीत काहीतरी रुतलं होतं. दादानं फांद्या वळवायला गुंडाळलेली ती तार. फांदी जाड होत गेली, तार होती तेवढीच राहिली आणि आत शिरत गेली. दोन्ही बाजूंनी साल फुगून तिच्यावर चढली होती. तार हा झाडाचा पोशाखच आहे असं मास्तर इतकी वर्षं धरून चालले होते, म्हणून त्यांनी तिला कधी हात लावला नव्हता. ज्यांनी उभ्या जन्मात कुणाला घट्ट कॉलर शिवली नाही, त्यांच्याच दुकानात हे झाड गळा आवळून उभं होतं. त्यांना खरोखर लाज वाटली. पक्कड घेऊन त्यांनी ती तार तुकड्यातुकड्यानं कापून काढली, आणि प्रत्येक तुकड्याला झाडाकडे बघून "चुकलं, चुकलं" म्हणत राहिले.

त्यानंतर खडूच्या खुणा झाल्या. कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची, याची टाचण्या लावून ट्रायल झाली. आणि मास्तरांनी डोळे मिटून पहिल्या फांदीवर कात्री चालवली. कापल्या जागेतून पांढरं काही ठिबकू लागलं.

"रक्त!" मास्तर ओरडले.

"पांढरं असतं होय रक्त? चीक आहे तो," बायको म्हणाली.

पण ओरडणं रस्त्यापलीकडच्या सलूनपर्यंत पोचलं होतं. तिथला न्हावी मागच्या दारानं तुरटीचा खडा घेऊन धावत आला. आधी तो रुसला. "काटछाट माझ्या दारासमोर चाललीय आणि मला बोलावणं नाही?" मग त्यानं फांदीच्या कापल्या जागेला तुरटी चोळली, वर दाढीनंतरचं लोशन थोपटलं, आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून सूचना देऊ लागला. झाडाला नुकत्याच दाढी केलेल्या माणसाचा वास येऊ लागला.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो बाह्यांवरून. झाडाची उजवी फांदी डावीहून खाली असते, एक लांब तर दुसरी आखूड असते, आणि त्यातच त्याची शोभा असते, हे दादाला ठाऊक. शिंप्याला ठाऊक ते एवढंच, की दोन्ही बाह्या सारख्या हव्यात. मास्तरांनी उजवी कापली. मग डावी लांब दिसू लागली, म्हणून डावी कापली. आता उजवी लांब दिसू लागली. "किंचित डावीकडे," न्हावी म्हणाला. मास्तरांनी किंचित डावीकडे कापलं. "आता उजवीकडे एक बट येतेय." ती बट गेली. टेप लागत होता, खडू लागत होता, कात्री चालत होती. आणि आयुष्यभराचं सगळं सैल सोडणं मास्तरांच्या हातून त्या दुपारी एकदमच भरून निघालं. ते थांबले तेव्हा ट्रेमध्ये एक खोड होतं आणि त्याला बोटभर लांबीचे काही खुंट होते. अगदी सारखे. पान एकही नव्हतं.

न्हाव्यानं सवयीनं झाडामागे आरसा धरला. "मागून बघता?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. तो आरसा बगलेत मारून हळूच निघून गेला.

मास्तर पानांच्या ढिगात बसून राहिले. दादा येणार, बघणार, आणि जाणार. चहासुद्धा घेईल की नाही कोण जाणे. बायको रागानं खराटा शोधत होती. तो सापडेना तशी ती कडाडली, "आता बसा! शिवा पानं!"

बोलली आणि बोलता बोलता गप्प झाली. मास्तरांनी वर पाहिलं. दोघांचीही नजर एकदमच टेबलाखालच्या चिंध्यांच्या गोणीकडे गेली.

त्या आठवड्यात दुकानाचा दरवाजा उघडला नाही. हिरव्या रंगाचं अस्तर काय कमी असतं शिंप्याकडे? झाडाचं पान वरून चकचकीत आणि खालून फिकं, म्हणून वरून सॅटिन आणि खालून पॉपलिन. मधली शीर धावदोऱ्याची, कडेला तुरपाई, देठाला कॅनव्हासची पट्टी, ती खुंटाभोवती गुंडाळून टाचलेली. ढिगातलं एक पान नमुन्याला घेतलं होतं. मास्तर बेतत होते, बायको शिवत होती, आणि न्हाव्याला पश्चात्ताप झाल्यामुळे तो सुयांत दोरे ओवत होता.

"दादा म्हणायचे, बोन्सायची पानं लहान हवीत," बायको एक पान उजेडात धरून म्हणाली. "ही नमुन्याहून मोठी दिसतायत."

"लहानच आहेत. फक्त वाढीला जरा जागा ठेवलीय."

बायकोनं कपाळावर हात मारला आणि पुढचं पान घेतलं. शनिवारपर्यंत झाड असं डवरलं, की न्हावी त्याच्यासमोर नुसता उभा राहिला. झाड म्हणून ते तसं बरं दिसत होतं. फक्त खिडकीतून वारा आला की पानं सळसळायच्या ऐवजी पडद्यासारखी हलायची. मास्तरांनी खिडकी लावून घेतली.

दादा आला तो दुपारी. दारात त्याला पाहिलं आणि मास्तर झाडबीड सगळं विसरले. दादा आटला होता. मास्तरांनीच कधीतरी शिवलेला कोट त्याच्या अंगावर होता, आणि त्या कोटात तो कुठंतरी लांब, आत उभा असल्यासारखा वाटत होता. हा माणूस आपल्याला उचलून खांद्यावर घ्यायचा.

"ये ना दादा. बस. पाणी घे."

"आधी झाड," दादा म्हणाला.

तो झाडासमोर गेला. चष्मा पुसला, पुन्हा घातला. पुढून बघितलं, बाजूनं बघितलं, खाली वाकून बुंधा बघितला. मास्तरांच्या बायकोनं चहाचा कप पुढं केला, तो त्याला दिसलाच नाही. बाहेर कुठल्यातरी गाडीनं हॉर्न दिला. दादानं एक पान बोटांत धरलं आणि देठाजवळ नख रुतवलं. अंजिराच्या कुळातलं झाड. नख लागलं की चीक यायलाच हवा. दादानं वाट पाहिली. चीक आला नाही. त्यानं पान उलटं केलं, चष्म्याजवळ नेलं.

"तुरपाई सूनबाईची आहे," तो म्हणाला. धाकट्याला त्यानं मुलासारखं वाढवलं होतं, म्हणून भावजय त्याला सूनच. "तुझा टाका लांब पडतो."

मास्तरांचा बांध फुटला. मुळं, खण, तार, बाह्या, तुरटी, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं, उलटसुलट, मधे मधे नाक ओढत. "तू वाढू देऊ नको म्हणालास, मी वाढू दिलं. मग कापायला गेलो तर सगळंच कापलं. दादा, तुझं झाड मी घालवलं. पण तू आश्रमात जाऊ नकोस. मला झाड जमलं नाही, पण तुझं मी सगळं करीन. जाऊ नकोस ना."

दादानं कापडी पानं बाजूला सारली आणि आतल्या खुंटाची साल नखानं जराशी खरवडली. साल निघाली तिथं ओलं, हिरवं दिसलं, आणि लगेच चिकाचा पांढरा थेंब वर आला. तो थेंब तो बराच वेळ बघत राहिला.

"जिवंत आहे," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता, की मास्तरांना वाटलं तो स्वतःशीच बोलतोय.

"अरे, पाणी मी कधी चुकवलं नाही."

दादा स्टुलावर बसला. "मला वाटलं होतं, केव्हाच वाळलं असेल. शिंप्याच्या दुकानात कुठं झाड टिकतं? तू फोनवर मजेत आहे म्हणायचास, ते माझं मन राखायला म्हणतोस असं मी धरून चाललो होतो. म्हणून तर ती अट घातली. म्हटलं, यायचं, वाळलेलं झाड बघायचं आणि निघायचं. तुम्हा दोघांचं सगळं बसलेलं आहे इथं. या वयात मी मधे येऊन... तुझ्यावर तोंडानं नाही म्हणायची वेळ यायला नको होती." बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. दादानं दाराकडे मान केली. "टॅक्सीसुद्धा थांबवून ठेवलीय. बॅग आतच आहे."

आयुष्यभर ज्याच्या येण्याची वाट पाहिली, तो माणूस नकार ऐकायची तयारी करून आला होता, आणि तो नकार आपल्याला द्यावा लागू नये म्हणून त्यानं सगळी सोयही करून ठेवली होती. मास्तरांना आधी राग आला, मग रडू आलं, मग दोन्ही एकदमच आलं.

त्यांची बायको मात्र केव्हाच बाहेर पडली होती. रस्त्यावरून तिचा आवाज आला, "नाही जायचं त्यांना कुठं! डिकी उघडा आधी." मग डिकी आपटल्याचा आवाज आला, टॅक्सी निघून गेल्याचा आवाज आला, आणि ती भलीमोठी बॅग दोन्ही हातांनी ओढत आत आली. ती तशीच ओढत मागच्या खोलीत घेऊन गेली.

"सूनबाई, झाड नीट आहे असं मी म्हटलेलं नाही," दादा मागून म्हणाला.

"नाहीच आहे ते नीट," ती आतून म्हणाली. "तुम्ही करा."

दादा झाडाकडे वळला. कुठल्या खुंटातून काय फुटेल, कुठली फांदी ठेवावी लागेल, हे त्याच्या डोळ्यांत हळूहळू दिसू लागलं. "पानं सगळी काढली ते एका परीनं बरं झालं," तो म्हणाला. "आता फुटतील ती लहान फुटतील. पण आकार यायला वेळ लागतो बाबा. वर्षं लागतात. मला तेवढी मिळतील का, कोण जाणे."

हे ऐकून मास्तर पुन्हा हुंदके देऊ लागले. दादानं टेबलावरची छोटी कात्री घेतली, पहिल्या कापडी पानाचा टाका शोधला आणि उसवायला सुरुवात केली.

"रड हवं तेवढं," तो म्हणाला, "पण इकडं बघून रड. हे पान उलटं लावलंयस."